झाकणाची बादली

पहाटे ४.४५

कळमेश्वर. डिसेंबरची थंडी. अंगणातल्या चुलीवर पऱ्हाट्या पेटतात आणि वरच्या गंजात आंघोळीचं पाणी तापायला लागतं. आत गॅसवर वांग्याची भाजी. मावशी दोन कामं एकाच वेळी करतात, तिसरं तोंडानं : पोरीला उठवणं. पोरगी नागपुरात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नवरा एमआयडीसीत रात्रपाळीला, पत्र्याच्या कारखान्यात ठेकेदाराकडे. तो साडेसातला येईल तेव्हा घरात कुणी नसेल. त्याच्या चार पोळ्या फडक्यात गुंडाळून टोपल्यात ठेवायच्या, वर ताट झाकायचं. मांजरं फार झाली आहेत.

मावशींचं वय सत्तेचाळीस. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन थिएटरला मदतनीस आहेत. अकरा वर्षं झाली. थिएटरमधले सर्जनसुद्धा त्यांना मावशीच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

५.५५

बसस्टँड. संत्र्याचे दोन ट्रॅक्टर काटोल रोडकडे वळून उभे आहेत, ट्रॉलीवर ताडपत्री. मजूर बाया वर बसल्या आहेत, कानाला स्कार्फ बांधून. त्या मोहप्याकडच्या बागांत तोडणीला चालल्या आहेत, म्हणजे मावशींच्या उलट्या दिशेला.

एसटी येते. २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट. मावशींना एका वेळेला वीस-बावीस रुपये पडतात. आधी दुप्पट पडायचे, तेव्हा त्या महिन्यातले काही दिवस शेजारणीच्या मुलाच्या गाडीवर मागे बसून जायच्या आणि त्याच्या पेट्रोलला शंभर रुपये द्यायच्या. आता ते बंद. फेटरीपर्यंत धुकं. गोरेवाड्याला थोडं उजाडतं. काटोल नाक्याला बस भरलेली असते आणि पुढं सदरजवळ थांबते, कारण विधिमंडळाचं अधिवेशन सुरू आहे. सिव्हिल लाइन्सचे निम्मे रस्ते बांबू लावून अडवले आहेत. मावशी बर्डीला उतरून पुढचा रस्ता शेअर ऑटोनं करतात. वीस रुपये. ऑटोवाल्याला अर्धं तिकीट माहीत नाही.

७.१५

थिएटरच्या बाहेरच्या खोलीत साडी उतरते, हिरवा सदरा-पायजमा चढतो. केस टोपीत. बाहेरच्या चपला लाल रेघेच्या अलीकडे, आतल्या रबरी चपला पलीकडे. रेघ ओलांडली की मोबाइल नाही.

पहिलं काम दिवा, मग टेबल, मग फरशी. डोक्यावरचा मोठा दिवा आधी पुसायचा, कारण धूळ वरून खाली येते. रात्रपाळीच्या मुलानं ऑटोक्लेव्ह लावून ठेवलेलं आहे. १२१ अंश, पंधरा पौंड दाब. प्रत्येक ड्रमवर पट्टी चिकटवलेली असते. वाफ नीट लागली तर तिच्यावरच्या फिकट रेघा काळ्या होतात. मावशी एकेक पट्टी उजेडाकडे धरून बघतात. आज एका ड्रमवरच्या रेघा करड्याच आहेत. तो ड्रम त्या बाजूला काढतात. कुणाला विचारत नाहीत.

फळ्यावर आजची यादी आहे. पहिली केस : स्प्लेनेक्टमी, ओपन. म्हणजे पोट उघडून पाणथरी (प्लीहा) काढणं. बाई, वय ४१. कंसात गाव. कळमेश्वर तालुका.

“आपल्याकडची हाये,” मावशी म्हणतात. “काल वॉर्डात भेटून आली मी.”

पगाराचं इथंच सांगून टाकतो. सही १४,५०० वर होते. त्यातून प्रॉव्हिडंट फंडाचे १,७४० आणि ईएसआयचे १०९ जातात. हातात १२,६५१. पैसे दवाखाना देत नाही, एजन्सी देते. अकरा वर्षांत एजन्सी तीनदा बदलली, मावशी त्याच.

८.०५

वॉर्ड. पेशंट खाटेवर बसून आहे, रात्रीपासून उपाशी. सडपातळ बाई. बागेत तोडणीला जायची, क्रेट उचलायची. सहा महिन्यांपासून डाव्या बरगडीखाली भरल्यासारखं वाटत होतं. दोन घास खाल्ले की पोट गच्च. आधी गॅस म्हणून गोळ्या झाल्या. सासू म्हणाली, पाणथरी वाढली, डाग दे.

“मी म्हटलं, आतून दुखून राहिलं तेच पुरे. वरून अजून कायले जाळता?” बाई सांगते.

मग सोनोग्राफी, मग सीटी स्कॅन. पाणथरीच्या खालच्या टोकाला नऊ सेंटिमीटरची गाठ. बाकी पोटात कुठं काही नाही. म्हणजे दुसरीकडून आलेली नाही, तिथंच उगवलेली. असं फार कमी दिसतं. मलेरिया, सिकलसेल, यकृताचे आजार यांनी वाढलेल्या पाणथऱ्या या भागातले डॉक्टर नेहमी बघतात. पाणथरीतच जन्मलेली गाठ काही वर्षांतून एखादी.

मावशींचं काम आता दागिने. मंगळसूत्र काढून बाईनं स्वतःच नवऱ्याच्या रुमालात बांधलं. काचेच्या बांगड्या निघत नाहीत, फोडायला ती तयार नाही. मावशी वाद घालत नाहीत, चिकटपट्टीचे दोन वेढे मारून बांगड्या मनगटाला बसवून टाकतात. राहिली जोडवी. ती धातूची. पोटात कॉटरी चालणार, म्हणजे विजेनं रक्तवाहिन्या जाळणार, अंगावर धातू नको. उजव्या पायातलं निघतं. डाव्या पायातलं एकोणीस वर्षांपासून बसलेलं आहे, बोट त्याच्या दोन्ही बाजूंनी फुगलं आहे.

मावशी खिशातली दोऱ्याची रीळ काढतात. जोडव्याखालून दोऱ्याचं टोक सुईच्या मागच्या बाजूनं सरकवतात. वरचं बोट नखापर्यंत दोऱ्यानं घट्ट, वेढ्याला वेढा लावून गुंडाळतात. साबणाचं पाणी. मग खालचं टोक धरून दोरा उलटा सोडवत जातात आणि जोडवं प्रत्येक वेढ्याबरोबर एक पाऊल पुढं येतं. चार मिनिटं लागतात. बोटावर पांढरा वण राहतो. बाई तो बघत राहते, मग पाय चादरीत घेते.

८.४०

नवरा दाराशी. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात फाइल, रेशनकार्डाची झेरॉक्स, आधार. महात्मा फुले योजनेतून ऑपरेशन मंजूर झालं आहे, आरोग्यमित्राच्या टेबलावर त्याचे तीन दिवस गेले. पण लसी त्याला आधीच विकत आणाव्या लागल्या. पाणथरी गेली की काही जंतूंशी लढायची शरीराची ताकद कमी होते, जन्मभरासाठी. म्हणून न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस या तीन जंतूंच्या लसी ऑपरेशनच्या निदान दोन आठवडे आधी द्यायच्या. बिल सात हजारांच्या वर गेलं. त्यानं ते घडी करून वरच्या खिशात ठेवलं आहे. का, ते त्यालाही सांगता येत नाही. तो पैसा परत मिळणार नाही.

मावशी त्याला एक काम सांगतात. “समोरच्या दुकानातून बादली आणा. पाच लिटरची. झाकणाची. झाकण घट्ट पाहिजे. रंगाची जुनी आणू नका.”

“बादली?”

“गाठ ठेवायला. इथल्या डब्यात नाही मावत.”

तो क्षणभर उभा राहतो. मग विचारतो, “कितीची येते जी?”

“एकशे चाळीस सांगन तो. एकशे वीसमधे देते.”

९.१०

थिएटर. एसी लावलेला, बाहेर थंडी तरीही. बाईला टेबलावर बसवलं आहे, पाय खाली सोडून. भूल देणाऱ्या मॅडम पाठीत बारीक नळी घालणार आहेत, ऑपरेशननंतरच्या दुखण्यासाठी. त्यासाठी पाठ वाकवून, हलल्याशिवाय बसायचं. मावशी समोर उभ्या राहतात. बाईचं कपाळ आपल्या खांद्यावर घेतात, दोन्ही हातांनी तिचे खांदे दाबून धरतात. पेशंट पन्नास किलोचा. वजन सगळं पुढं येतं. मावशींचे पाय फाकलेले, गुडघे टेबलाच्या कडेला टेकलेले.

“कोणत्या गल्लीत राहता?” बाई खांद्यातून विचारते.

“ब्राह्मणीच्या बाजूनं. तुमची नणंद दिली ना तिकडं?”

“हाव.”

सुई जाते. बाईचा श्वास अडकतो. “हलू नको वो माय, झालं.” आठ मिनिटं. मावशी सरळ होतात तेव्हा एक हात कमरेवर जातो. त्यांना कमरेचा त्रास आहे. असं धरणं दिवसाला तीन-चार वेळा होतं. ड्यूटी चार्टमध्ये या कामाला नाव नाही.

मग आडवं. पूर्ण भूल. घशात नळी, नाकातून पोटात नळी, लघवीची नळी. डाव्या बाजूखाली चादरीची गुंडाळी, म्हणजे ती बाजू वर येते. रक्ताच्या दोन पिशव्या राखून ठेवल्या आहेत. सिकलिंगची तपासणी निगेटिव्ह. विदर्भात ऑपरेशनआधी ती विचारतातच.

९.५०

सुरुवात. डाव्या बरगडीच्या खालून तिरपा छेद. मावशी टेबलापासून दोन हात लांब. त्यांचे हात निर्जंतुक नाहीत, म्हणून टेबलाला लागायचं नाही. पण टेबलावर जे जातं ते सगळं त्यांच्या हातून जातं. बांधायच्या सिल्कच्या दोऱ्याची पाकिटं, रक्त टिपायचे मॉप, कड ओढून धरायचा मोठा डीव्हर रिट्रॅक्टर. पाकीट उघडायची रीत असते : दोन्ही पाकळ्या मागं वळवायच्या आणि आतली वस्तू बोट न लागता सिस्टरच्या हातात जाऊ द्यायची.

दुर्बिणीनं का नाही, हे मी आदल्या दिवशी सर्जनला विचारलं होतं. पाणथरी दुर्बिणीनं काढायला १९९१ पासून सुरुवात झाली. आज कितीतरी आजारांत तीच पद्धत आहे. पण त्यात पाणथरी पिशवीत घालतात, पिशवीत तिचा चुरा करतात आणि छोट्या भोकातून काढतात. गाठ असली तर चुरा चालत नाही. तपासणाऱ्याला ती अख्खी लागते. शिवाय गाठ वाईट असेल आणि पोटात फुटली तर तिचे कण पोटभर. म्हणून मोठा छेद, आणि पाणथरीला हात लावायचा तो दमानं.

सुईनं तुकडा आधी का काढला नाही, हे त्याच्या पुढचं. पाणथरी म्हणजे रक्तानं भरलेला स्पंज. हृदयातून निघालेल्या रक्तातला सुमारे विसावा हिस्सा तिच्यातून जातो. सुई टोचली आणि रक्त थांबलं नाही तर तसंही पोट उघडावं लागतं. तेव्हा बहुतेक वेळा पाणथरी काढणं हीच तपासणी.

१०.३५

आतडी ओल्या मॉपनं एका बाजूला सारली आहेत. सर्जन जठर उचलून त्याच्या मागं जातात. स्वादुपिंडाच्या वरच्या कडेनं एक वळणावळणाची धमनी चालली आहे, पाणथरीला रक्त नेणारी. राइट अँगल नावाचा वाकडा चिमटा तिच्या खालून घालतात. जाड सिल्क. एक गाठ, दोन गाठी.

“बघा आता,” भूल देणाऱ्या मॅडम मला खुणावतात. रक्त यायचं थांबलं, जायचं सुरूच. दहा मिनिटांत पाणथरी थोडी मऊ पडते, लहान होते. काढायला तेवढी सोपी.

मावशींचं लक्ष तिकडं नाही. त्या वापरलेले मॉप मोजत आहेत. हातमोजे घालून एकेक उलगडायचा, पाच-पाचच्या ओळीत स्टँडवर टांगायचा, फळ्यावर रेघ मारायची. कोरडा मॉप बावीस ग्रॅमचा. भिजलेला वजनकाट्यावर टाकायचा. जास्तीचा प्रत्येक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर रक्त. काटा साधाच, किराणा दुकानात असतो तसला, वर पातळ प्लास्टिक चढवलेलं.

११.२५

आता बंध सोडवायचे. पाणथरी चार बाजूंनी बांधलेली असते : खाली मोठ्या आतड्याला, मागं मूत्रपिंडाकडे, वर छाती-पोटामधल्या पडद्याला, उजवीकडे जठराला. जठराकडच्या रक्तवाहिन्या आखूड. ओढलं तर फाटतात. एकेक धरायची, बांधायची, कापायची. सिल्कची पाकिटं एकामागून एक. मावशी अंदाजानं पुढचं पाकीट हातात धरून उभ्या असतात, सिस्टरनं मागायच्या आत.

मग शेवटचा बुंधा. तिथं स्वादुपिंडाचं शेपूट अगदी जवळ येतं. त्याला चिमटा बसला तर आतला रस पोटात गळतो आणि पुढचे पंधरा दिवस त्रास. सर्जन बोलायचे थांबतात. थिएटरमध्ये फक्त मॉनिटरचा आवाज आणि सक्शनचा.

११.४०

“डबा.”

मावशी स्टीलचा गंज पुढं करतात. पाणथरी त्यात येते. वरचा भाग जांभळा, पिकलेल्या वांग्याच्या सालीसारखा गुळगुळीत. खालच्या टोकाला फुगवटा, तिथं रंग फिका, वर बारीक शिरा. आवरण कुठंही फाटलेलं नाही. सर्जन ती दोन्ही हातांत घेऊन सगळीकडून फिरवून बघतात, परत ठेवतात आणि पोटाकडे वळतात. आत अजून काम आहे : कुठं गाठीचे कण दिसतात का, यकृतावर काही आहे का, हाताला कसल्या गोळ्या लागतात का. नाही लागत.

मावशी गंज काट्यावर ठेवतात. गंजाचं वजन आधी टिपलेलं. वजा करून ६१० ग्रॅम. निरोगी माणसाची पाणथरी दीड-दोनशे ग्रॅमची असते. वजन सिस्टर रजिस्टरमध्ये लिहिते.

बादली बाहेर आली आहे. निळी. झाकण पांढरं. मावशी ती आतून पुसतात आणि बाजूच्या खोलीत फॉर्मॅलिन ओततात. डोळे चुरचुरतात, त्या तोंड एका बाजूला करून ओततात. पुस्तकात अवयवाच्या दहापट फॉर्मॅलिन सांगितलं आहे. इथं बादलीत मावतं तेवढं, चार लिटर, आणि कापल्यावर पॅथॉलॉजीवाले ते बदलतात. मार्कर घेऊन नाव, नंबर, अवयव, तारीख. हे सगळं त्या बादलीच्या अंगावर लिहितात, झाकणावर नाही.

“झाकण दुसऱ्या बादलीलेबी बसते,” त्या म्हणतात.

१२.२०

ड्रेनची नळी ठेवली. आता मोजणी. सिस्टर टेबलावरचे मॉप मोठ्यानं मोजते, मावशी स्टँडवरचे. सुया, कात्र्या, चिमटे. दोघींचे आकडे जुळल्याशिवाय पोट बंद होत नाही, सर्जन कितीही घाईत असोत. चौदा मॉप भिजलेले, त्यांचं वजन ६४०. कोरडे असते तर ३०८. म्हणजे ३३२. सक्शनच्या बाटलीतलं धरून रक्त साधारण चारशे तीस. पिशवी चढवायची गरज पडली नाही. मावशी ब्लड बँकेला फोन लावून देतात, दोन्ही पिशव्या तिथंच राहू द्या.

१.१०

बाई डोळे उघडते. ट्रॉलीवर घ्यायचं. चौघं चादरीचे चार कोपरे धरतात. “एक, दोन, तीन.” रिकव्हरीत गेल्यावर मावशी तिच्या मनगटाची चिकटपट्टी सोडवतात. बांगड्या शाबूत.

बाहेर नवरा, दीर, सासू आणि एक पोरगा. सर्जननी सगळं सांगितलं आहे : गाठ पूर्ण निघाली, रक्त द्यावं लागलं नाही, पुढचे दोन दिवस लक्ष ठेवायचं. ते गेल्यावर नवरा मावशींकडे येतो. सगळे नवरे मावशींकडे येतात. डॉक्टरला विचारायची हिंमत झाली नाही ते इथं विचारतात.

“मावशी, तुम्ही पाह्यली ना. कॅन्सर हाये का?”

“पाहून नाही कळत भाऊ.”

“डॉक्टरले तं कळलं असन.”

“त्यायलेबी नाही. कापून, काचेवर लावून पाहाव लागते. आठ-दहा दिवस धरा.”

हे खरंच तसं आहे, मावशी टाळत नव्हत्या. पाणथरीतली सगळ्यात जास्त आढळणारी साधी गाठ रक्तवाहिन्यांची असते, हिमँजिओमा. ती काढली की विषय संपला. वाईट गाठींमध्ये लिम्फोमा जास्त, त्याला पुढं औषधं आहेत आणि बरेच जण बरे होतात. अँजिओसारकोमा क्वचित, पण तो सगळ्यांत वाईट, कधी कधी पोटातच फुटून समजतो. बाहेरून या गाठी एकमेकींसारख्या दिसू शकतात. चाकूचं काम आज झालं. उत्तर मात्र त्या निळ्या बादलीत आहे.

१.३०

बादली उचलायची. लिफ्टमध्ये पेशंटची ट्रॉली अडकली आहे, म्हणून जिना. पाच किलोला थोडं कमी. एका हातात बादली, दुसऱ्या हातात फॉर्म आणि रजिस्टर. मावशी कडीला धरत नाहीत, बुडाखाली हात घालून छातीशी धरतात. तीन मजले. समोरून येणारे लोक बादली बघून बाजूला होत नाहीत, ती पाण्याचीच वाटते.

पॅथॉलॉजीच्या खिडकीवरचा मुलगा फॉर्म बघतो, बादलीवरचं नाव बघतो, दोन्ही मोठ्यानं वाचतो. नंबर लावतो. मावशी रजिस्टरवर त्याची सही घेतात, वेळ लिहून घेतात. सही नसेल तर मावशी परत जात नाहीत. एजन्सीच्या माणसांवर हरवलेल्या वस्तू पटकन येतात, एवढंच त्या म्हणतात.

आतल्या डॉक्टरबाई मला दारात उभं राहू देतात. बादलीतून पाणथरी बाहेर, फळीवर. लांब पात्याची सुरी. पावाच्या कापांसारख्या नव्हे, त्याहून पातळ, एकेक सेंटिमीटरच्या चकत्या. आतला भाग गडद लाल. मधे एकदम सीमा लागते आणि पांढुरकी-गुलाबी गाठ सुरू होते, कडक, मधे रक्ताचे ठिपके. डॉक्टरबाई मोजपट्टी लावतात, फोटो काढतात, बारीक तुकडे छोट्या जाळीदार डब्यांत भरतात, उरलेलं ताज्या फॉर्मॅलिनमध्ये. काही म्हणत नाहीत. मीही विचारत नाही.

२.००

जेवण. थिएटरच्या मागच्या खोलीत, स्टुलावर. पोळी, वांग्याची भाजी, मिरची. सिस्टरनं तिळाची चटणी आणली आहे. मला वाटलं होतं, आजच्या दिवशी मावशी वांगं खाणार नाहीत. पोळीचा तुकडा मोडून त्या जेवत्या झाल्या. पंधरा मिनिटं. दुसरी केस लागलेली आहे, अपेंडिक्स.

२.४५

अपेंडिक्सला दुसरी मदतनीस आहे. मावशी सिंकवर. सकाळची हत्यारं एन्झाइमच्या पाण्यात भिजत पडली आहेत. आर्टरी फोर्सेप अठ्ठावीस. प्रत्येकाचा सांधा उघडायचा आणि जुन्या टूथब्रशनं आतून घासायचा, कारण वाळलेलं रक्त तिथं बसतं आणि वाफसुद्धा तिथं पोचत नाही. दातेरी टोकं वेगळी घासायची. मग साधं पाणी, मग पुसणं, मग तेलाचा एक थेंब. चिमटा बंद करून बघायचा : दात दातात बसतो का. एक बसत नाही. तो बाजूच्या ट्रेमध्ये.

टूथब्रश मावशी घरून आणतात. दवाखान्याचा ब्रश कडक आहे, सांध्यात जात नाही.

रक्ताळलेले मॉप पिवळ्या पिशवीत. नळ्या, सक्शनचं प्लास्टिक लाल पिशवीत. सुया-ब्लेड पांढऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्या खोक्यात. दवाखान्यातल्या कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनंतर रंग पक्के झाले. त्याआधी सगळं जरा सैल होतं, मावशींच्या तर्जनीवर त्याची खूण आहे. सुई टोचली होती. तपासण्या सहा महिने चालल्या, सगळ्या निगेटिव्ह.

४.१५

ड्यूटी चारला संपते. सव्वाचारला मावशी वॉर्डात जातात, जोडवी द्यायला. ती त्यांनी सिस्टरच्या कपाटात, नाव लिहिलेल्या पाकिटात ठेवली होती. वॉर्डातली सिस्टर नवऱ्याला समजावत आहे. घरी गेल्यावर ताप आला तर मेडिकलमधून गोळी घेऊन थांबायचं नाही. थंडी वाजून ताप म्हणजे त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना. पाणथरी नसलेल्या माणसात साधा वाटणारा ताप एका रात्रीत जिवावर जातो. मलेरियाला जपायचं, मच्छरदाणी लावायची. कुत्रा चावला, नुसता ओरबाडला तरी यायचं. कुठल्याही डॉक्टरकडे गेलं की पहिलं वाक्य हेच : माझी पाणथरी काढलेली आहे.

“कुत्रे तं बागेत लय असते,” नवरा म्हणतो.

“मग बागेत कमी जा.”

तो हसतो. तोडणीचा हंगाम अजून महिनाभर आहे, आणि घरात कमावणारे हात आता दोनच. पोरगा पाकिटावरचं नाव वाचतो. बी.कॉम.ला आहे. आतापर्यंतचा खर्च तो मोबाइलमध्ये लिहून ठेवतो आहे : लसी, सीटी, येण्या-जाण्याचं भाडं, चौघांचं जेवण. शेवटची नोंद बादली, १३०. दुकानदार एकशे वीसला उतरला नाही.

५.५०

बर्डी. मोर्चा. मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटला पोलिसांनी अडवलेला, म्हणून अलीकडचा सगळा रस्ता तुंबला आहे. बायाच जास्त, एकसारख्या साड्या, हातात फलक : कायम करा. मावशी एसटीच्या खिडकीतून फलक वाचतात. बाजूच्या सीटवर काटोलची एक शिक्षिका आहे. ती म्हणते, दरवर्षी येतात बिचाऱ्या. मावशी काही बोलत नाहीत. त्यांची एजन्सी मोर्च्याला जाणाऱ्यांचा दिवस कापते.

बस पन्नास मिनिटं उभी. त्या वेळात मावशी दोन फोन करतात. एक पोरीला, की हॉस्टेलच्या मैत्रिणीकडे थांब, उशीर होईल. दुसरा भिशीवाल्या बाईला. महिन्याचे पाचशे द्यायचे आहेत आणि या वेळी नंबर लागला तर पोरीच्या परीक्षेची फी निघते.

८.०५

कळमेश्वर. नवरा पुन्हा पाळीवर गेला आहे. ताट घासून पालथं घातलं आहे. मावशी चहा ठेवतात. मोबाइलवर थिएटरच्या ग्रुपवर उद्याची यादी आली आहे. सव्वासातला हजर. दोन हर्निया, एक थायरॉइड.

“थायरॉइडला नातेवाइकांना काही आणायला सांगायचं का?” मी विचारतो.

“नाही. त्याले डबी लहान लागते. ती दवाखान्याचीच असते.”